उन्हातली सायकलफेरी आणि मिस्त्रींचा धंदा

उद्योग-व्यापाराच्या पानावर सायकलफेरीची हकीकत कशासाठी, असा प्रश्न आमच्या काही वाचकांना पडेल. हौशी लोकांनी रविवारी पहाटे उठून सायकली दामटाव्यात, त्याचा व्यापाराशी काय संबंध? हा प्रश्न आम्हालाही पडला होता. त्याचे उत्तर शोधण्यासाठी मे २०२४ मधल्या एका रविवारी आम्ही नागपूरच्या एका सायकल क्लबबरोबर रामटेकच्या रस्त्याला लागलो. उत्तर मिळाले, पण ज्या रीतीने मिळाले ती रीत आम्ही कल्पिली नव्हती.

पंक्चरवाला, सायकल मिस्त्री हा आपल्या समाजातल्या अनेक घरांचा पिढ्यान् पिढ्यांचा धंदा. हा धंदा आता बुडाला असे सर्रास म्हटले जाते. जुन्या पद्धतीने चालवला तर तो बुडालाच आहे. परंतु त्याच ओट्यावर, त्याच हातांनी एक नवा धंदा उभा राहू शकतो. तो कसा, आणि त्यात खरे भांडवल कोणते, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

तासावरच्या सायकलींचे दुकान

आम्ही ज्या मिस्त्रींची हकीकत सांगत आहोत, त्यांचे दुकान कामठी रस्त्याला आहे. दहा बाय बाराची खोली, दारात कडुलिंबाचे झाड, झाडाच्या फांदीला लटकवलेले जुने टायर, खाली पाण्याचे घमेले आणि हवा भरायचा पंप. दुकान आजोबांनी काढले. वडिलांच्या काळात तिथे भाड्याच्या चाळीस सायकली होत्या. वहीत नाव-पत्ता लिहायचा आणि तासाच्या हिशेबाने सायकल न्यायची. आमच्या पिढीतले बहुतेक लोक अशाच भाड्याच्या सायकलीवर, मधल्या दांड्याखालून पाय घालून, सायकल चालवायला शिकले.

पुढे घरोघर मोटारसायकली आल्या. भाड्याच्या सायकली एक एक करून भंगारात गेल्या. राहिले फक्त पंक्चर, हवा आणि शाळकरी मुलांच्या सायकलींचे ओव्हरहॉलिंग. जून २०२० मध्ये ॲटलससारख्या जुन्या आणि नामांकित कंपनीचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना बंद पडला. ती बातमी मिस्त्रींनी कापून दुकानाच्या भिंतीला चिकटवली. पुतण्या आयटीआयमधून फिटरचे काम शिकून आलेला. तो म्हणाला, "चाचा, आता आपणही शटर खाली करू. मी कर्ज काढून छोटा हत्ती घेतो, तुम्ही घरी बसा." कर्ज निघाले, मालवाहू गाडी आली. दुकान बंद करायचे तेवढे राहून गेले.

विरोधाभास असा की, त्याच टाळेबंदीच्या दिवसांत जिमखाने बंद असल्यामुळे लोक सायकलीकडे वळले होते. एका सकाळी एक डॉक्टर गिअरची पातळ टायरची सायकल घेऊन दुकानात आले. हवा भरून हवी होती. मिस्त्रींच्या पंपाचे तोंड त्या व्हॉल्व्हला बसेना. आपल्या काळ्या सायकलीला डनलॉप व्हॉल्व्ह असतो, त्यात रबराची नळी घालतात. या सायकलीचा व्हॉल्व्ह बारीक, पितळी, टोकाला छोटा आटा असलेला. त्याला प्रेस्टा म्हणतात. डॉक्टर तसेच परत गेले. तीन पिढ्यांच्या दुकानातून गिऱ्हाईक हवेवाचून परत गेले, ही गोष्ट मिस्त्रींच्या मनाला फार लागली. व्हॉल्व्हवर बसवायचे जोडनळीचे बोंडूक काही रुपयांत मिळते. ते त्यांनी दुसऱ्याच दिवशी आणले. नव्या धंद्याचे हे पहिले भांडवल.

चूक आणि तिची किंमत

त्यानंतर डॉक्टरांनी आपल्या क्लबातली आणखी गिऱ्हाइके पाठवली. मिस्त्रींनी गिअर लावणे, डिस्क ब्रेक बसवणे या गोष्टी पुतण्याच्या मदतीने, मोबाइलवर व्हिडिओ पाहून शिकून घेतल्या. पण एकदा ठेच लागली. एका सभासदाच्या कार्बनच्या सायकलीची सीट खाली सरकत होती. लोखंडी सायकलीच्या सवयीने मिस्त्रींनी नट जोर लावून आवळला. बारीकसा आवाज झाला आणि सीटखालचा कार्बनचा दांडा तडकला.

लोखंड दाबले की वाकते, आपल्याला इशारा देते. कार्बन असा इशारा देत नाही. अशा ठिकाणी साधारण ५ न्यूटन-मीटर इतकाच पीळ द्यायचा असतो आणि तो मोजून देणारा पाना वेगळा मिळतो. मिस्त्रींकडे तो नव्हता. गिऱ्हाइकाच्या लक्षात येण्याआधीच मिस्त्रींनी स्वतःहून चूक सांगितली आणि नवा दांडा मागवून दिला. पैसे तीन हप्त्यांत फेडले. चौथ्या महिन्यात पीळ मोजणारा पाना विकत घेतला.

मिस्त्री आम्हाला म्हणाले, "तो दांडा मले महाग पडला, पण त्या गिऱ्हाइकानं नंतर नऊ सायकली पाठवल्या."

क्लबाने पुढे आणखी एक काम दिले. लांबच्या फेरीत मागून पुतण्याची गाडी, तिच्यात पाणी, हत्यारे आणि मिस्त्री. फेरीमागे ठरलेली रक्कम, डिझेलचा खर्च वेगळा. रविवारी एरवी गाडी उभीच असायची. कर्जाच्या हप्त्याला तेवढाच हातभार लागू लागला.

उन्हाळ्यात सायकल कशाला?

नागपूरचा मे महिना ज्याने पाहिला आहे, तो विचारील की या दिवसांत शहाण्या माणसाने घराबाहेर तरी का पडावे? पारा ४५ अंशांपर्यंत जाणे तिथे नवलाचे नाही. मैदानी प्रदेशात कमाल तापमान ४५ अंशांवर गेले की हवामान खाते तिला उष्णतेची लाटच मानते. २०१० च्या भीषण लाटेनंतर अहमदाबाद शहराने २०१३ मध्ये उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा तयार केला. त्या धर्तीवर पुढे नागपूरनेही आराखडा केला.

तरीही क्लबवाले उन्हाळ्यात फेऱ्या बंद करीत नाहीत. त्याचे कारण त्यांनी आम्हाला सांगितले. अनेकांना २०० किलोमीटरची 'ब्रेव्हे' करायची असते. ती साडेतेरा तासांत पुरी करावी लागते, म्हणजे दुपार अंगावर घ्यावीच लागते. त्यासाठी सराव हवा. दुसरे कारण अभिमानाचे. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस ॲक्रॉस अमेरिका' ही शर्यत एकट्याने पुरी केली. त्याच वर्षी सैन्यातील डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनीही ती एकट्याने पुरी केली. त्याआधी २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी दोघांच्या संघातून ती पार पाडली होती. जून महिन्यातल्या या शर्यतीचा सुरुवातीचा भाग अमेरिकेच्या वाळवंटातून जातो. आपल्या गावचा माणूस हे करतो म्हटल्यावर तरुणांच्या अंगात वारे शिरणारच.

शरीर उन्हाला सरावते हे खरे आहे. रोज थोडा वेळ, असे दहा-पंधरा दिवस केले तर घाम लवकर सुटू लागतो आणि घामातून जाणारे मीठ कमी होते. परंतु हा सराव हळूहळू करायचा असतो, एका रविवारी नव्हे.

सव्वासहाचा प्रारंभ

फेरीची वेळ पहाटे ५ ची ठरली होती. झिरो माइलच्या दगडापासून निघायचे, कामठी, कन्हान, मनसर असे करीत रामटेकला पोचायचे आणि परत यायचे. जाऊन-येऊन सुमारे १०० किलोमीटर. मिस्त्री फजरची नमाज आटोपून पावणेपाचलाच हजर होते. त्यांनी पंपाचा काटा पाहून एकेका सायकलीची हवा तपासली. आमच्याही.

त्यातले एक गणित त्यांनी आम्हाला समजावले. पातळ टायरमध्ये १०० पौंडांच्या आसपास हवा असते. पहाटे २५ अंशांना भरलेली ही हवा डांबराच्या तापाने ५५ अंशांपर्यंत गरम झाली, तर दाब ११० च्या वर जातो. टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्यापर्यंत पहाटेच हवा ठासली तर दहा वाजता गडबड होऊ शकते. म्हणून उन्हाळ्यात ते मुद्दाम ८-१० पौंड कमी भरतात. त्यांच्या वडिलांनी काळ्या सायकलीच्या बाबतीत हेच शिकवले होते, "उन्हात उभी राहणारी सायकल जरा नरम ठेव." आकडे नवे, अक्कल जुनी.

तेरापैकी अकरा सायकलस्वार वेळेवर आले. दोघे उशिरा उठले. त्यांच्यासाठी थांबता थांबता सव्वासहा वाजले. सूर्य केव्हाच वर आला होता. मिस्त्री क्लबाच्या प्रमुखांना म्हणाले, "भाऊ, आज कन्हानपासूनच परत फिरू." प्रमुख हसून म्हणाले, "चाचा, बिल अर्धे होईल तुमचे!" सगळे हसले आणि फेरी निघाली.

आम्ही कन्हानच्या पुलापर्यंत सायकलीवर होतो. त्यापुढे वयाने साथ सोडली आणि आम्ही गाडीत मिस्त्रींच्या शेजारी बसलो. मागून पाहताना गटाने सायकल चालवण्याची शिस्त ध्यानात आली. दोन रांगा, पुढच्या चाकाच्या मागे हातभर अंतरावर पुढचे टोक. खड्डा आला की पुढचा हाताने दाखवतो, खूण मागपर्यंत जाते. पुढचा माणूस वारा फोडतो, मागच्याला चतुर्थांश किंवा त्याहूनही जास्त कष्ट वाचतात. ठरावीक वेळाने पुढचा बाजूला होऊन मागे येतो.

थंडीत हा सगळा फायदाच असतो. उन्हात त्याला दुसरी बाजू आहे. पायडल मारताना शरीराची जी शक्ती खर्च होते, तिच्यातली जेमतेम चौथाई चाकाला मिळते. बाकीची उष्णता होऊन अंगातच राहते. ती बाहेर काढण्याचा एकच मोठा मार्ग म्हणजे घाम वाळणे, आणि घाम वाळायला वारा लागतो. जो सतत मागे लपून चालतो, त्याचे पाय वाचतात, पण त्याला वाराही कमी मिळतो.

मनसरच्या पुढे

वाटेत दोन पंक्चर झाले. मिस्त्रींनी पहिले पाच मिनिटांत नवी ट्यूब टाकून मिटवले. दुसऱ्या सायकलीच्या टायरात बारीक तार घुसली होती. ती बोटाने चाचपून काढेपर्यंत वेळ गेला. रामटेकला पोचायला ९ वाजले. गड समोर दिसत होता, पण वर पाहायला कोणाला सवड नव्हती. मिस्त्रींनी दुसऱ्यांदा सुचवले, "सायकली इथंच ठेवू. गाडीनं दोन खेपांत सगळ्यांले नेतो." प्रमुखांचे म्हणणे पडले की शंभर किलोमीटर ठरले म्हणजे शंभर झाले पाहिजेत. कोणी 'नाही' म्हटले नाही. गटात असताना एकट्याने 'नाही' म्हणणे किती अवघड असते, हे आम्ही त्या दिवशी पाहिले.

मनसर ओलांडून थोडे पुढे आल्यावर मिस्त्री एकाएकी पुतण्याला म्हणाले, "गाडी त्या निळ्या शर्टाच्या बाजूले घे." निळ्या शर्टाचा मुलगा विशीतला, सर्वांत मागे होता. त्याची सायकल सरळ रेषेत चालत नव्हती. आम्हाला त्यात विशेष काही दिसले नाही. मिस्त्रींनी खिडकीतून विचारले, "बाबू, कुठं आलो आपण?" मुलगा जरा थांबून म्हणाला, "झिरो माइल."

मिस्त्रींनी शिट्टी मारून सगळ्यांना थांबवले. मुलाला उतरवून रस्त्याकडेच्या कडुलिंबाखाली निजवले. कातडी तापलेली, अंगावर घाम होताच, पण बोलणे असंबद्ध. घाम आहे म्हणजे उष्माघात नाही, असा पुष्कळांचा समज आहे. श्रमाने होणाऱ्या उष्माघातात घाम असू शकतो. बोलणे-वागणे बिघडणे, ही खरी खूण. क्लबातले डॉक्टर त्या दिवशी फेरीत नव्हते, पण त्यांनी पूर्वी शिकवलेला धडा मिस्त्रींच्या लक्षात होता: आधी थंड करा, मग हलवा. फोनवर डॉक्टरांनीही तेच सांगितले. पाण्याचा अख्खा डबा मुलाच्या अंगावर ओतला. बर्फाच्या पेटीतले खडे दुपट्ट्यात बांधून मानेला, काखेत, जांघेत धरले. पुतण्या गाडीतला पुठ्ठा घेऊन जोरजोरात वारा घालू लागला. मुलगा धड शुद्धीवर नव्हता म्हणून तोंडाने काहीही दिले नाही. काही वेळाने त्याने डोळे नीट उघडून आईचे नाव घेतले. मग त्याला गाडीत घालून, वाटेतही ओले ठेवत, कामठीला दवाखान्यात न्यायचे ठरले.

खरा पेच इथे आला. गाडी गेली की मागे बारा माणसे, भर उन्हात, पाण्यावाचून. प्रमुख म्हणाले, "आम्ही सावकाश येतो." मिस्त्रींनी पाण्याचे उरलेले डबे आणि हत्यारांची पेटी खाली उतरवली, पुतण्याला आणि आम्हाला मुलाबरोबर पाठवले आणि स्वतः झाडाखाली बसले. निघताना त्यांचे शब्द आमच्या कानी पडले, "भाऊ, गाडी परत येईपर्यंत कोणी हलायचं नाही. मी मिस्त्री आहे, डॉक्टर नाही. पण चाक आऊट झालं की मले दिसते. आता आणखी दोघं आऊट आहेत. माझं ऐकायचं नसंल तर उद्यापासून दुसरा मिस्त्री पाहा."

वाचकहो, हे बोलणे सोपे नव्हते. दुकानाच्या महिन्याच्या कमाईतला निम्म्याहून अधिक भाग आता याच क्लबातून येत होता. गाडीचा हप्ता डोक्यावर होता. ज्यांच्या जिवावर चूल पेटते, त्यांनाच 'नाही' म्हणायचे होते. दहा जण थांबले. दोघे चिडून निघून गेले आणि सुखरूप घरी पोचलेही. मागाहून त्यांनी क्लबात सांगितले की म्हातारा घाबरट आहे.

मुलगा संध्याकाळपर्यंत सावरला. दवाखान्यातून दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळाली. दोन दिवसांपूर्वी त्याला ताप येऊन गेला होता आणि आदल्या रात्री झोप झाली नव्हती. दोन्ही गोष्टी त्याने कोणाला सांगितल्या नव्हत्या. शिवाय एक लिटर पाण्यासाठी असलेली ओआरएसची आख्खी पुडी त्याने पाऊण लिटरच्या बाटलीत कालवली होती आणि जास्त गोड-खारट लागते म्हणून बाटली तशीच भरलेली राहिली होती.

हिशेबाची वही

पुढच्या बैठकीत क्लबाने नियम केले. मे महिन्यात ५ ला निघायचे, उशिरा येणाऱ्यासाठी थांबायचे नाही, ८ च्या आत परत यायचे. फेरी सुरू करायची की थांबवायची, याचा शेवटचा शब्द गाडीवाल्याचा. निघून गेलेल्या दोघांनी आपल्या सायकली दुसऱ्या दुकानात न्यायला सुरुवात केली. मिस्त्रींनी ते नुकसान वहीत लिहिले, कोणाकडे तक्रार केली नाही. त्या दिवसाच्या बिलात त्यांनी बर्फ आणि डिझेलचे पैसे लावले, बाकी एक पैसा जास्त नाही.

या व्यवसायात उतरू इच्छिणाऱ्या होतकरू तरुणांसाठी त्यांच्याकडून समजलेल्या काही गोष्टी येथे देत आहोत.

पाण्याचा हिशेब: उन्हात सायकल चालवणाऱ्याचा तासाला एक ते दीड लिटर घाम जातो. बारा माणसे आणि चार तास म्हणजे ५० ते ७० लिटर. वीस लिटरचे किमान तीन डबे, शिवाय अंगावर ओतायला एक आणि बर्फाची पेटी. नुसते साधे पाणी ढोसत राहणेही धोक्याचे, कारण रक्तातले मीठ पातळ होते. ओआरएस घ्यावे ते जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचे. लिटरला २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट, असे ते प्रमाण आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने या सूत्राबाहेरच्या गोड पेयांना 'ओआरएस' हे नाव लावण्यास मनाई केली. दुकानात माल ठेवताना पुडीवरचे प्रमाण वाचून घ्यावे. फेरीच्या आधी थंड ताक, पन्हे ही आपली पेयेही उत्तम.

हत्यारे: काटा असलेला उभा पंप, प्रेस्टा व्हॉल्व्हची जोडनळी, ॲलन पाने, पीळ मोजणारा पाना, साखळी तोडायचे हत्यार आणि साखळीची झीज मोजायची पट्टी. सगळे एकदम घेण्याची गरज नाही. जे काम येईल त्याचे हत्यार त्या कामाच्या मजुरीतून घ्यावे. साखळी ०.५ टक्के लांबली की बदलावी, हे गिऱ्हाइकाला पट्टी लावून दाखवावे. साखळीच्या खर्चात मागची महागडी दातेरी चक्रे वाचतात. जो मिस्त्री मोठा खर्च टाळून देतो, त्याच्याकडे गिऱ्हाईक परत येते.

उन्हाळ्याचे खास काम: घामातले मीठ हँडलच्या बोल्टांवर आणि चिमट्याच्या वरच्या छर्ऱ्यांत उतरते आणि गंज चढतो. मे-जूनमध्ये या भागाची उघडून साफसफाई आणि ग्रीस, हे वेगळे काम म्हणून सांगता येते. लगेच पुढे पावसाळ्याचे ओव्हरहॉलिंग येते. पंक्चरच्या बाबतीत सोल्युशन सुकल्याशिवाय पट्टी लावू नये, आणि उन्हात नळीचे झाकण उघडे ठेवू नये, नाही तर सगळे उडून जाते.

कर आणि बिल: सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. लुधियानाच्या बाजारातून माल मागवताना जुन्या दराचे बिल कोणी लावत नाही ना, हे पाहावे. प्रत्येक सायकलीचे एक पान वहीत ठेवावे. कोणत्या तारखेला काय बदलले, पुढचे काम कधी. मिस्त्रींच्या वडिलांची भाड्याच्या सायकलींची वही होती, तशीच ही. फरक एवढाच की आता सायकल गिऱ्हाइकाची आहे.

उधारी: क्लबाच्या फेरीचे पैसे क्लबाकडून, सायकलीचे पैसे सायकलवाल्याकडून. दोन्ही हिशेब एकत्र करू नयेत. दोस्तीत उधारी वाढते आणि उधारीत दोस्ती जाते.

शेवटचे

हत्यारे बाजारात मिळतात, काम व्हिडिओ पाहून शिकता येते. पण ज्या माणसाच्या भरवशावर बारा जण रस्त्यावर उतरतात, त्याचा शब्द खरा असावा लागतो. तडकलेला दांडा स्वतःहून दाखवणे आणि भर उन्हात गिऱ्हाइकाला 'थांबा' म्हणणे, या दोन्ही गोष्टींत मिस्त्रींचा त्या दिवशी तोटाच झाला. आज त्यांच्या वहीची पाने पाहिली तर तो तोटा कुठल्याही जाहिरातीपेक्षा स्वस्त पडला, असे आमचे मत आहे.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा त्यांच्या दुकानी गेलो. निळ्या शर्टाचा मुलगा घमेल्याशेजारी उकिडवा बसून स्वतःच्या ट्यूबचे पंक्चर काढायला शिकत होता. निघून गेलेल्या दोघांपैकी एकाची सायकल स्टँडवर होती. मिस्त्री तिच्या मागच्या चाकाचा आऊट काढत होते. आम्ही विचारले, "हे कधी परत आले?" चाकावरची नजर न काढता मिस्त्री म्हणाले, "आले म्हणजे आले. आपण दुकान उघडं ठेवायचं."

भिंतीवरचे ॲटलसच्या बातमीचे कात्रण आता तिथे नाही. त्या जागी मे महिन्याच्या फेऱ्यांचे वेळापत्रक लावले आहे आणि त्याच्या वरच्या बाजूला पुतण्याच्या अक्षरात मोठ्याने लिहिले आहे: पहाटे ५. उशीर झाल्यास घरीच थांबावे.